आजीची ओवी मोबाईलमध्ये

तायांनो, गिरणी आली नि जातं कोपऱ्यात गेलं. त्यासंगं ओव्याही गेल्या असत्या. पण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या 1,000 हून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, गाणारीचं नाव-गाव नोंदवून. "ओवीला कोण विचारतंय" म्हणणाऱ्यांनी हा आकडा ऐकावा.

तुमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या तुम्हीही मोबाईलवर घेऊ शकता. नुसतं "म्हणा" म्हटलं तर आठवत नाही. जात्यावर बसवा, मूठभर दाणे टाका. खुंट्याला हात लागला की एकीमागून एक येते. जात्याची घरघर मोठी, म्हणून फोन तोंडाजवळ धरा, पंखा बंद ठेवा. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्या. नंतर ऐकून वहीत उतरवा. ती "व्हतं" म्हणाली तर तुम्ही "होतं" करू नका.

सासुरवासाच्या ओव्यांत मात्र घरचीच माणसं असतात. अशी ओवी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी आजीला परत ऐकवा, विचारा. "नको गं" म्हणाली तर टाकू नका. आणि त्याच दिवशी दुसऱ्या फोनवरही घेऊन ठेवा; पोरं गेम खेळता खेळता काय पुसतील सांगता येत नाही.