जाड्याभरड्या अन्नाची प्रतिष्ठा : स्वीडनचे रक्त-पुडिंग आणि मराठवाड्याची रक्ती

स्वीडनमध्ये साध्या घरगुती जेवणाला 'हुस्मान्सकॉस्ट' अशी संज्ञा आहे. तिचा मूळ रोख गडी-मोलकरणी आणि कष्टकरी यांच्या जाड्याभरड्या अन्नाकडे होता. विसाव्या शतकात मात्र तीच संज्ञा राष्ट्रीय अभिमानाची झाली. गुरुवारी खाल्ले जाणारे पिवळ्या वाटाण्याचे दाट सूप, खारवलेला हेरिंग मासा, राय या धान्याची मधोमध भोक पाडून काठीला ओवून ठेवली जाणारी कडक रोटी आणि अगदी कमी मिठात आंबवलेला उग्र वासाचा 'सुरस्ट्रोमिंग' हे पदार्थ लांब हिवाळा आणि परदेशातून आणावे लागणारे महाग मीठ या दोन अडचणींतून घडले आहेत.

या साधेपणाचे श्रेय लोकस्मृतीने ज्या स्त्रीला दिले, तिच्या पुस्तकात मात्र साधेपणा फारसा सापडत नाही. काय्सा वार्ग (1703–1769) ही स्टॉकहोममधील उमरावांच्या घरची कारभारीण होती आणि 1755 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाकपुस्तकाच्या 1822 पर्यंत चौदा आवृत्त्या निघाल्या. घरात जे असेल त्यावर भागवावे, अशा आशयाचे जे वचन आजही तिच्या नावावर खपवले जाते, ते त्या पुस्तकात कोठेही नाही. तेथे आहेत ते लोणी, साय, वासराचे मांस आणि परदेशी मसाले. गरिबाच्या चुलीची कीर्ती अशा रीतीने श्रीमंताच्या मुदपाकखान्याच्या नावे जमा झाली.

मराठी पाकपुस्तकांची परंपराही याला अपवाद नाही. 1875 मधील रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', 1910 मधील लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आणि 1970 मध्ये आलेले कमलाबाई ओगले यांचे घरोघरी पोहोचलेले 'रुचिरा' ही पुस्तके आपापल्या जागी मोलाची आहेत. परंतु त्यांतील घर पुण्या-मुंबईकडचे आणि बहुतांशी पांढरपेशा आहे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावासारख्या गावांची ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि भाजलेली धान्ये व मसाले एकत्र दळून केलेले, कालवणाला दाटपणा आणणारे येसर या परंपरेच्या कडेलाच राहिले, आणि गावकुसाबाहेरची चूल तर तिच्यात शिरलीच नाही.

ही उणीव भरून काढणारा दस्तऐवज 2015 मध्ये आला. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील खामसवाडीचे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. या पुस्तकाला केवळ पाककृतींचा संग्रह म्हणणे अपुरे ठरेल, कारण मेलेल्या जनावराच्या मांसावर कोणाचा हक्क, वाटे कसे पडत आणि कोणत्या जातीच्या ताटात काय येई, याचा हिशेबही त्यात मांडलेला आहे. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या 'चान्या' आणि जनावराचे रक्त गोठवून कांदा-मिरचीबरोबर शिजवलेली 'रक्ती' हे त्यातील ठळक पदार्थ होत. तूप, दूध आणि भरपूर तेल यांवाचून चालणारा हा स्वयंपाक असल्यामुळे त्याची साहित्ययादी आखूड असते. ती आखूड का राहिली, याचे उत्तर गावगाड्यात शोधावे लागते.

येथे स्वीडनशी तुलना अपरिहार्य ठरते. डुकराचे रक्त आणि रायचे पीठ यांपासून केलेले 'ब्लूडपुडिंग' तेथे दुकानात तयार मिळते, कापे करून तव्यावर परतले जाते आणि लिंगन या आंबट रानफळाच्या मुरंब्याबरोबर खाल्ले जाते. लोहाचा उत्तम स्रोत म्हणून ते मुलांच्या ताटात वाढले जाते. त्या समाजातही बहिष्कृत होतेच: मेलेले घोडे सोलणाऱ्या 'राकरे' लोकांना एके काळी कोणी जवळ बसवीत नसे आणि घोड्याचे मांस निषिद्ध समजले जाई. आज धुरावलेल्या घोड्याच्या मांसाचे पातळ काप पावावर ठेवून खाण्यात तेथे कोणाला वावगे वाटत नाही. पदार्थाचा कलंक पुसला गेला, कारण तो पदार्थ करणाऱ्या माणसाचा कलंक आधी पुसला गेला होता.

मराठवाड्यात हा क्रम उलटा लागला. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते आत्मसन्मानासाठी. ज्या अन्नाच्या आधारे माणसाला हीन ठरवले जात होते, ते टाकणे हाच तेव्हा सुटकेचा मार्ग होता. पण पदार्थ सुटला तरी जात सुटली नाही. पुढे ज्या वर्षी पाटोळे यांचे पुस्तक आले, त्याच 2015 मध्ये बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात लागू झाला, आणि त्या पुस्तकातील काही पाककृती छापल्या गेल्या त्याच वर्षी बेकायदा ठरल्या. 2024 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाल्यावर त्याला दूरवरचे वाचक मिळाले; तरीही मराठी दिवाळी अंकांच्या खाद्यविशेषांत चकली-अनारशांच्या पंक्तीला रक्तीचे पान क्वचितच मांडले जाते.

हुस्मान्सकॉस्टला प्रतिष्ठा लाभली ती केवळ कोणा खवय्याच्या लेखणीमुळे नव्हे. 1946 मध्ये स्वीडनने शाळांतील मोफत जेवणाला सरकारी अनुदान सुरू केले आणि पुढे मजुराचे व मालकाचे मूल एकाच प्रकारचे अन्न खात मोठे झाले. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सुचवण्यात आले. जेथे एक अंडेही सर्वांच्या पानात टिकत नाही, तेथे मराठवाड्याच्या 'पारंपरिक जेवणा'ची यादी कोण करतो आणि तीतून कोणाला वगळतो, हा प्रश्न पाककलेचा उरत नाही, राज्यकारभाराचा होतो.