कापलेलं नाक, कपाळाची कातडी आणि पुण्याचा एक वीटवाला

आजचा भाग मी वेरूळमधून रेकॉर्ड करतोय. इथल्या लेण्यांमध्ये कितीतरी मूर्तींची नाकं तुटलेली दिसतात. दगडाचं नाक एकदा गेलं की गेलंच. माणसाचं मात्र परत बनवता येतं. त्याची एक पद्धत युरोपला कळली ती आपल्या पुण्यामुळे. आणि त्या गोष्टीतला एक माणूस थेट वेरूळशी जोडलेला आहे. तो पुढे येईलच.

आधी कावसजीला भेटू. हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा माणूस. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. आपल्याकडे 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली. कावसजीच्या बाबतीत तर म्हणीतलं अक्षरशः खरं झालं. वर्षभर तो तसाच राहिला.

मग पुण्याजवळ एकाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस डॉक्टर नव्हता, वैद्यही नव्हता. तो विटा बनवणाऱ्या जातीतला होता.

आता हे केलं कसं, ते नीट ऐका. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून चेहऱ्यावर बसवून बघितलं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ मारली. शिंपी कागदाचा नमुना ठेवून कापड बेततो ना, अगदी तसंच. रेघेवरून कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे एक छोटा देठ तसाच ठेवला. मग कातडी अर्धी पिळून खाली आणली आणि नाकाच्या जागी, ताज्या केलेल्या जखमेत बसवली.

सगळी करामत त्या देठात आहे. पूर्ण कापून काढलेली एवढी जाड कातडी मरू शकते. देठातून मात्र रक्त येत राहतं, म्हणून ती जगते. खालच्या जखमेशी ती जुळून आली की देठाची गरज संपते. पुण्यात तो साधारण पंचविसाव्या दिवशी कापत.

टाके? नाहीत! विड्यात घालतात तो कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी तुपात बुडवलेलं कापड. आणि हो, भूल नव्हती. ईथरचा जमाना यायला अजून पन्नास वर्षं होती.

क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन बघितलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये इंग्लंडात ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजही अपघातात किंवा कॅन्सरमुळे नाकाचा मोठा भाग गेला, तर सर्जन कपाळाची कातडी वापरतात. भूल आहे, टाके आहेत, त्या रक्तवाहिनीचं नावही माहीत आहे. पण देठ साधारण तीन आठवडे तसाच ठेवतात.

आता वेरूळचा धागा. कावसजीचं नव्या नाकासकट चित्र काढलं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. तो पेशव्यांच्या पुण्यात काम करायचा. याच वेल्सने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रं काढली. तो १७९५ मध्ये वारला, आणि १८०३ मध्ये थॉमस डॅनियलने त्यातली २४ दृश्यं लंडनमध्ये छापली.

म्हणजे बघा, रुग्णाचं नाव आहे, बघणाऱ्या डॉक्टरांची आहेत, चित्रकाराचं आहे, कार्प्यूचं आहे. ज्याच्या हाताने नाक बनलं, त्याचं नाव त्या हकिगतीत नाही. फक्त जात आहे. वेरूळचा कैलास कोरणाऱ्या हातांचंही तेच झालं.

तेव्हा नाव टिकवायला मासिक लागायचं, चित्रकार लागायचा. आज फोन पुरतो. तुमच्या ओळखीत कुणाच्या हातात खास कसब असेल, तर त्यांचं काम रेकॉर्ड करा. आणि सुरुवातीलाच विचारा, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

भेटू पुढच्या भागात!