सुटण्याआधीचे तीन सेकंद

वसमतपासून सेनगावपर्यंत हिंगोली जिल्ह्यातल्या बागायती शिवारात रात्री थ्री फेज लाइट आली की विहिरीवरचा स्टार्टर खट्‌कन बसतो आणि पाइपातून पाणी सुटतं. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं बॅटरीवरची शर्यतीची गाडी करतात, तिचं सुरुवातीचं सर्किट याच स्टार्टरच्या जातीचं असतं. मोटार फिरवणं सोपं आहे. ती नीट सुटली पाहिजे, खरं कौशल्य तिथे लागतं.

थांबलेली मोटार करंट भरमसाट ओढते. फिरू लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि करंट उतरतो. ५ एचपीचा पंप चालताना साधारण ७ अँपिअर घेतो, पण थेट सुरू करताना क्षणभर सहापट. लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारे एका डीपीवरचे (रोहित्रावरचे) सगळे ऑटोस्विच एकदम बसले की डीपीवर भार पडतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असते ते यामुळे. खेळण्यातली मोटारही सुटताना अँपिअरभर किंवा त्याहून जास्त मागते. मुलं ती थेट बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर चालवायला जातात. त्याची मर्यादा ०.१ अँपिअर, त्यामुळे तो जळतो.

स्टार्टरचं हिरवं बटण मोटारीला वीज देत नाही. ते फक्त कॉइलला देतं. कॉइल काँटॅक्टर ओढते आणि जड करंट त्यातून जातो. हुकूम वेगळा, ताकद वेगळी. गाडीत हुकमाचं काम ५५५ टायमरने करावं आणि ताकदीचं आयआरएफझेड ४४एन मॉस्फेटने. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली रचलेला हा टायमर आजही शिकायला सर्वांत चांगला, असं माझं ठाम मत आहे, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट मीटर लावून पाहता येते.

टायमरला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्यावी. एकाच बॅटरीवर दोन्ही चालवलं, तर सुटताना दाब पडतो आणि टायमर गोंधळतो. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं मात्र एकत्र जोडायची. ४ आणि ८ क्रमांकाच्या पिना धनाला, १ ऋणाला. २ आणि ६ एकमेकींना जोडून तिथून धनाकडे १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ऋणाकडे २७० किलोओहमचा रेझिस्टर. धनाकडून १ किलोओहममधून लाल एलईडी पिन ३ ला. पिन ३ वरूनच १०० ओहममधून मॉस्फेटचं गेट. स्विच लावताच लाल दिवा लागतो. साधारण ३ सेकंदांनी तो विझतो आणि त्याच क्षणी गाडी सुटते. फॉर्म्युला वनमध्येही पाच लाल दिवे विझले की शर्यत सुरू होते. स्विच बंद करून लगेच पुन्हा लावला तर थांबा कमी भरतो. कॅपॅसिटर रिकामा व्हायला थोडा वेळ द्यावा.

मोटारीवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नये. त्याची पांढरी पट्टी धनाकडे. मोटार बंद होताना उसळणारा दाब तो जिरवतो, नाहीतर मॉस्फेट जातो.

दोन गाड्यांची शर्यत असेल तर एकाच टायमरवर दोन मॉस्फेट लावावेत. मग कोणी आधी सोडली यावरून भांडण उरत नाही. रेझिस्टर किंवा कॅपॅसिटर बदलला की थांबा बदलतो: १ मेगाओहम आणि १०० मायक्रोफॅरडला जवळजवळ ११० सेकंद. पंपाच्या वायरिंगला मुलांनी हात लावू नये, ते काम वायरमनचंच. पण हे सर्किट ज्या मुलीने स्वतः जोडलंय, ती वडिलांना सांगू शकेल की डीपीवरच्या प्रत्येक पंपाला वेगवेगळा थांबा दिला, तर लाइट आल्यावर ते एकामागोमाग एक सुरू होतील.