कुंडीत घालायचा ‘सब्जा’

मे महिन्यात मुलांना घेऊन आठ दिवस माहेरी जायचं म्हटलं, की गच्चीवरचा कढीपत्ता नि गुलाब डोळ्यांसमोर येतात. नाही का? शेजारीण तरी रोज किती पाणी घालणार! यावर एक उपाय म्हणजे पाणी धरून ठेवणारी पूड, हायड्रोजेल.

सरबतातला सब्जा कसा टम्म फुगतो? तसंच हे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा हायड्रोजेल’ आपल्या वजनाच्या निदान ३५० पट शुद्ध पाणी धरतं. शेतात एकरी एक-दोन किलो पुरतं.

खरी गंमत आहे ती खताची. कुंडीत युरियाचं पाणी घातलं, की बरंचसं तळाच्या भोकातून निघून जातं. जेलच्या कणांत ते थोपून राहतं आणि माती सुकेल तसं मुळांना थोडं थोडं मिळतं. मात्र पाकिटावरच्या मापापेक्षा जास्त घालू नका हं; माती वर ढकलली जाते, मुळं कुजतात.

हातकणंगले तालुक्यातल्या भगिनींनी आणखी एक ध्यानात घ्यावं. पंचगंगा-वारणेच्या काठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि क्षारांच्या पाण्यात, त्यातून कॅल्शियम असेल तर, जेल फारच कमी फुगतं. घरीच पाहा. एका तांब्यात पावसाचं, दुसऱ्यात बोअरचं पाणी घ्या. दोन्हींत पाव-पाव चमचा पूड टाका नि रात्रभर ठेवा. बोअरचा तांब्या मागे पडला, तर पैसे वाचवा. कुंडीत शेणखत नि वर पाचोळ्याचा थर घाला. शेत क्षारपड असेल, तर मालकांनाही सांगा: तिथं निचऱ्याचे चर हवेत, पाणी धरणारी पूड नव्हे.

बाळाच्या डायपरमधलं जेल मात्र कुंडीत नको. त्यात सोडियम असतं, ते मातीला बाधतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. याच जातीचे रंगीत, फुगणारे मणी खेळणं म्हणून विकतात. मुलानं गिळला, तर मणी पोटात फुगून आतडं अडवतो, जीवावर बेततं. एक्स-रेत तो बहुधा दिसतही नाही. उलट्या सुरू व्हायची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि काय गिळलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उरलेले मणी असतील, तर बरोबर न्या.