संगणकाच्या भाषेंतील कूटें

लोह्याजवळ माळेगांवास खंडोबाची यात्रा भरते व तिच्या जोडीला जनावरांचा मोठा बाजार. जनावरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितात, हें मराठवाड्यांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. खूण दोघांस कळते, भोंवतालच्यांस नाहीं. संगणकाच्या जगांतहि असा एक खेळ आहे. मात्र तेथें खूण यंत्रास कळते आणि बुचकळ्यांत पडतो तो वाचणारा माणूस.

सी ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली. १९८९ सालीं तिचें पहिलें प्रमाण ठरलें, तेव्हां जुनें लेखन मोडूं नये म्हणून कित्येक जुन्या सवयी तशाच राहूं दिल्या. शिवाय कांहीं नव्या सोयी आल्या. त्यांत त्रिचिन्हांची मौज सर्वांत अधिक. युरोपांतील कांहीं देशांच्या लिपिसंचांत चौकोनी व महिरपी कंसांच्या जागीं त्यांचीं स्वतःचीं अक्षरें असत. त्यांच्यासाठीं दोन प्रश्नचिन्हें व पुढें एक खूण अशीं नऊ त्रिचिन्हें योजिलीं. प्रश्नचिन्हांपुढें तिरपी रेघ आली, कीं ती उलटी तिरपी रेघ समजावयाची. आणि ओळीच्या अखेरीस उलटी रेघ म्हणजे पुढची ओळ याच ओळीस जोडलेली. १९९९ च्या प्रमाणानें दोन तिरप्या रेघांनीं सुरू होणारी एका ओळीची टीप मान्य केली आणि कोडें जमलें. टिपेंत कोणीं ‘हें काय??/’ असें लिहिलें, तर पुढील ओळ टिपेंतच गडप होते. ती ओळ पैशाचा हिशेब करणारी असली तरी यंत्र तक्रार करीत नाहीं!

दुसरी युक्ति शब्दबदलाची. स्टीव्ह बोर्न यांनीं युनिक्सचें शेल लिहितांना या सोयीनें सी भाषेला अल्गोल ६८ चा वेष चढविला. तोहि थट्टेनें नव्हे, अगदीं मनापासून. पुढें तें लेखन वाचण्याचा प्रसंग आल्यावर लँडन नॉल व लॅरी बॅसेल यांना दुर्बोध सी-लेखनाची स्पर्धा सुचली, आणि १९८४ सालीं ती सुरू झाली. पहिल्याच वर्षीं एका विजेत्या लेखनांत आज्ञांच्या जागीं नुसती आंकड्यांची रांग होती; ते आंकडे म्हणजेच यंत्राच्या मूळ आज्ञा. १९९९ पासून नांवांत देवनागरी अक्षरेंहि चालतात. तेव्हां ‘इफ्’ला ‘जर’ व ‘रिटर्न’ला ‘परत’ ठरवून अलीकडच्या अनुवादकाकडून मराठी सी चालवून घेतां येते.

ही करमणूक खरी, पण तिची झळ विद्यार्थ्याला लागते. महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयांत टर्बो सी हा जुना अनुवादक दीर्घ काळ वापरांत होता. मुख्य फलाचा प्रकार लिहिला नाहीं, तर तो पूर्णांक समजून घेई. १९९९ च्या प्रमाणानें ही सवलत काढून घेतली, त्रिचिन्हें सी २३ नें काढलीं. त्यामुळें वहींतील ‘बरोबर’ उत्तर नव्या संगणकावर चूक ठरतें. अनुवादकास १९८९ चें प्रमाण लावण्यास सांगितलें, तर तेंच उत्तर पुन्हां निमूटपणें चालतें.