पुस्तक एकच, पान वेगळं

मुलांनो, मागच्या रविवारी वर्गात एकाने विचारलं, "सगळ्या पेशींत जनुकं तीच, तर मग स्पर्श कळणारी पेशी वेगळी आणि वास कळणारी वेगळी कशी?" आम्हांला पटकन उत्तर देता आलं नाही. आठवडाभर वाचून आता लिहीत आहोत.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. इकडे येताना बॅगेतून आणलेलं. पुस्तक एकच, पण एका घरी पुरणपोळीचं पान उघडलेलं असतं, दुसऱ्या घरी खिचडीचं. पेशींचंही तसंच. मग पान उघडतं कोण?

याचं एक छान उत्तर सी. एलेगन्स नावाच्या कृमीने दिलं. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंगात फक्त ३०२ चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन. त्यांतल्या ६ हलका स्पर्श ओळखतात. मार्टिन चाल्फी आणि जॉन सल्स्टन या शास्त्रज्ञांनी काडीला चिकटवलेल्या बारीक केसाने या कृमींना चक्क गुदगुल्या केल्या! जे दचकून सरकले नाहीत, त्यांचं कोणतं जनुक बिघडलंय ते शोधलं. हे काम १९८१ साली प्रसिद्ध झालं.

पुढे गोष्ट उलगडत गेली. अन्क-८६ या जनुकापासून बनलेलं प्रथिन, म्हणजे प्रोटीन, मेक-३ या दुसऱ्या जनुकाचं पान उघडतं. मग दोघांची प्रथिनं मिळून स्पर्शाला लागणारी बाकीची पानं उघडतात. शिवाय मेक-३ चं पान ती मिटूही देत नाहीत, म्हणून ती पेशी आपलं काम विसरत नाही. मेक-३ बिघडलं तर पेशी जन्मते, चेतापेशीही होते, पण तिला स्पर्श कळत नाही.

आम्हांला सर्वांत गंमत वाटली ती पुढची. अन्क-८६ इतरही अनेक चेतापेशींत काम करतं. तिथे जोडीदार वेगळा, म्हणून पानंही वेगळी!

आई-बाबांना वाटेल, किड्याचं आपल्याला काय? अन्क-८६ च्याच घराण्यातलं एक जनुक माणसाच्या कानातल्या ऐकण्याच्या पेशींत असतं. १९९८ साली इस्रायलमधल्या एका कुटुंबात त्यात बिघाड सापडला. त्या घरातल्या माणसांना लहानपणी नीट ऐकू येई. विशी-तिशीत मात्र ऐकणं कमी होऊ लागे.