मजलिसचे माप घेण्यापूर्वी
आखाती देशांतून फर्निचरची ऑर्डर आली की आपले कारागीर सोफासेटचे माप धरतात. येथेच घाटा होतो. अरब घरातील मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, भिंतींलगत व बहुधा बुटकी असते. मधली जागा मोकळी ठेवतात. सर्वांना एकमेकांचे तोंड दिसावे, कहवा देणाऱ्याला फिरता यावे. पुष्कळ घरांत स्त्रियांची बैठक वेगळी असते. २०१५ साली युनेस्कोने मजलिसची सांस्कृतिक वारशात नोंद केली.

सौद्याचे बोलणेही पुष्कळदा तेथेच, खुशाली व कहवा झाल्यावर निघते. आधीच दर काढणे उतावळेपणाचे दिसते. कप उजव्या हाताने घ्यावा. पुरे झाल्यास हलवून परत द्यावा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: लाकूड कापण्यापूर्वी विचारा, माणसे किती बसणार, दार कोठे, बैठक किती उंच? माल परत आला तर लाकूडही जाते, मजुरीही.